पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या दुर्बीण तपासण्या : प्रथमच सामोरे जाणाऱ्या पुणेकर रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी

काविळीच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीवर सोनोग्राफी होते आणि अहवालात सीबीडी, आयएचबीआर, एमपीडी अशी आद्याक्षरे दिसतात. त्याखाली बहुधा एमआरसीपी करून घेण्याची सूचना असते आणि पुढच्या दोन दिवसांत ईयूएस व ईआरसीपी ही आणखी दोन नावे कानावर पडतात. नावे सारखी वाटत असली तरी या तपासण्यांमधील जोखीम मुळीच सारखी नाही. एमआरसीपी म्हणजे एमआरआय यंत्राने काढलेले पित्ताच्या व स्वादुपिंडाच्या नलिकांचे चित्र; त्यात शरीराच्या आत काहीच जात नाही. ईयूएसमध्ये टोकावर सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण तोंडावाटे आत जाते, पण नलिकेला सहसा हात लावला जात नाही. ईआरसीपीमध्ये मात्र दुर्बिणीतून थेट नलिकेच्या तोंडातून आत शिरावे लागते आणि त्यातून कधीकधी गंभीर त्रास उद्भवू शकतो. म्हणून कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर, हा क्रम समजून घेणे हे नवख्या माणसाचे पहिले काम आहे. हा लेख उपचार ठरवण्यासाठी नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच त्याचा हेतू आहे.

रचना आधी समजून घ्या

यकृतात दररोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते पित्ताशयात साठते आणि गरजेनुसार मुख्य पित्तनलिकेतून, म्हणजेच अहवालातील सीबीडीमधून, खाली उतरते. ही नलिका स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागातून जाते आणि स्वादुपिंडाच्या स्वतःच्या नलिकेसह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, एका छोट्या उंचवट्यावर उघडते. या उंचवट्याला पॅपिला म्हणतात. बहुतेक माणसांत दोन्ही नलिकांची वाट शेवटी एकच होते, आणि या भागातल्या बऱ्याच आजारांचे मूळ याच जवळिकीत आहे. पित्ताशयातून घसरलेला एक बारीक खडा तेथे अडकला, तर कावीळही होते आणि स्वादुपिंडाला सूजही येते; स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ झाली, तर तिची पहिली खूण पोटदुखी नसून पिवळे डोळे असू शकते.

कावीळ कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवा

पुण्यात पावसाळ्याच्या सुमारास दूषित पाण्यातून होणारी कावीळ नेहमीच दिसते. हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होणारी ही कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. याच अनुभवामुळे गळ्यात घालायची माळ, नाकात टाकायचे थेंब किंवा गावाकडून आणलेला रस यांना गुण आल्याचे श्रेय मिळते. नलिका अडल्यामुळे झालेली कावीळ या उपायांनी जात नाही आणि त्यात गेलेले तीन-चार आठवडे रुग्णाला फार महागात पडतात. हे मी कोणाच्या श्रद्धेला दुखावण्यासाठी लिहीत नाही. पण शौचाचा रंग पांढुरका किंवा मातकट झाला असेल, लघवी गडद होत असेल आणि अंगाला रात्री झोपू न देणारी खाज सुटली असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

यकृताच्या रक्तचाचणीत, म्हणजे एलएफटीमध्ये, हा फरक बऱ्याच वेळा दिसतो. विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी हे यकृताच्या पेशींना इजा झाल्यावर वाढणारे मूल्य अनेकदा हजाराच्या घरात जाते. अडथळ्याच्या काविळीत डायरेक्ट बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही मूल्ये अधिक ठळकपणे वाढलेली असतात. एकूण बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारे रंगद्रव्य, साधारणपणे 1.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत सर्वसामान्य मानले जाते. स्वादुपिंडाला सूज असल्यास रक्तातील लायपेज किंवा अमायलेज ही स्वादुपिंडाची पाचक द्रव्ये सामान्य मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक आढळते.

कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे ही तीन लक्षणे एकत्र आली, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट पाहत बसू नये. रात्र असली तरी थेट आपत्कालीन विभागात जावे. या स्थितीत प्रतिजैविकांबरोबरच अडलेले पित्त मोकळे करणे आवश्यक असते आणि तेही बहुधा एक-दोन दिवसांच्या आत; रक्तदाब उतरू लागला असेल तर त्याहूनही लवकर.

सोनोग्राफीचा कागद कसा वाचावा

अहवालात साधारण अशा आशयाच्या ओळी असतात : «सीबीडी 11 मिमी, आयएचबीआर डायलेटेड, सीबीडीचा खालचा भाग आतड्यातील वायूमुळे दिसला नाही, पित्ताशयात अनेक खडे.» यातील पहिल्या ओळीचा अर्थ असा की मुख्य नलिका फुगली आहे, कारण तिची रुंदी सामान्यतः 6 मिलिमीटरपर्यंत असते, वय वाढल्यावर किंवा पित्ताशय काढल्यावर ती थोडी अधिक असू शकते. आयएचबीआर म्हणजे यकृताच्या आतील पित्ताच्या बारीक फांद्या. त्या फुगल्या असतील तर अडथळा खालच्या बाजूला आहे, असा अंदाज बांधता येतो. सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र तिसरे आहे आणि नातेवाईक नेमके तेच वाचायचे सोडतात. खालचा भाग «दिसला नाही» याचा अर्थ तेथे काही नाही असा होत नाही. खडे बहुधा तेथेच अडकतात आणि सोनोग्राफीला तोच कोपरा आतड्यातील वायूमुळे झाकलेला असतो. एमपीडी म्हणजे स्वादुपिंडाची मुख्य नलिका. तीही फुगली असल्याचे लिहिले असेल, तर डॉक्टरांकडे त्याबद्दल आवर्जून विचारणा करावी.

पन्नाशीनंतर पोट न दुखता कावीळ झाली असेल, वजन उतरले असेल आणि मधुमेह नव्याने निघाला असेल, तर स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने केलेला सीटी स्कॅन लवकर व्हावा लागतो. येथे क्रमाचे एक महत्त्वाचे पथ्य आहे. गाठीची शंका असल्यास सीटी स्कॅन नलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकण्यापूर्वीच झालेला बरा, कारण स्टेंटमुळे आणि त्यानंतर येणाऱ्या सुजेमुळे प्रतिमा वाचणे कठीण होते. गाठ शस्त्रक्रियेने निघण्यासारखी असेल, तर प्रत्येक रुग्णाला आधी स्टेंट लागतोच असेही नाही. म्हणून शल्यचिकित्सकांचे मत आधी घ्यावे. सीए 19-9 ही रक्तचाचणी वाढलेली आली, तरी केवळ तेवढ्यावरून कर्करोग समजून घरात रडारड करू नये. नुसत्या अडलेल्या पित्तामुळेही ती वाढते आणि कावीळ उतरल्यावर पुन्हा करून पाहावी लागते.

एमआरसीपी : आत काही न घालता

1991 च्या सुमारास पुढे आलेल्या या तंत्रात एमआरआय यंत्राने नलिकांमधील द्रवाचेच चित्र काढले जाते. किरणोत्सर्ग नसतो आणि बहुधा इंजेक्शनही लागत नाही. चार ते सहा तास उपाशी राहावे लागते, यंत्रात स्थिर पडून सांगितले जाईल तेव्हा श्वास रोखावा लागतो. शरीरात पेसमेकर, जुन्या शस्त्रक्रियेतील क्लिप किंवा कानातील रोपण असेल, तर नोंदणी करतानाच सांगावे. पुण्यात हा स्कॅन अनेकदा रुग्णालयाबाहेरच्या केंद्रात होतो. तेथून फक्त छापील अहवाल न घेता प्रतिमांची सीडी किंवा दुवा मागून घ्यावा, कारण दुर्बीण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना चित्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते.

ईयूएस : दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी

मला या संपूर्ण विषयात सर्वांत कमी समजली गेलेली आणि सर्वांत उपयोगी वाटते ती हीच तपासणी. सोनोग्राफीचा शोधक दुर्बिणीच्या टोकावर बसवलेला असतो आणि तो जठरातून व ड्युओडेनममधून थेट स्वादुपिंडाला व पित्तनलिकेला टेकवला जातो. मध्ये पोटाची चरबी नाही, वायू नाही. केवळ काही मिलिमीटरची भिंत. त्यामुळे एमआरसीपीत निसटू शकणारे दोन-तीन मिलिमीटरचे खडेही येथे दिसतात. पोटदुखी वारंवार होते, लायपेज वाढते, पण सोनोग्राफीत काहीच सापडत नाही अशा रुग्णांत ईयूएसने अनेकदा कारण हाती लागते : पित्ताशयातला बारीक गाळ, दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या सुरुवातीच्या खुणा, किंवा अगदी लहान गाठ. स्वादुपिंडाचा तीव्र झटका नुकताच येऊन गेला असेल, तर सूज ओसरेपर्यंत काही आठवडे थांबून ही तपासणी केली जाते, कारण सुजेमध्ये बारकावे हरवतात.

गाठ दिसल्यास याच दुर्बिणीतून बारीक सुई घालून नमुना घेता येतो. हे तंत्र स्वादुपिंडासाठी 1992 मध्ये प्रथम वापरले गेले आणि आता तेच प्रचलित झाले आहे. डॉक्टर त्याला एफएनए किंवा एफएनबी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पेशींऐवजी ऊतीचा छोटा तुकडा मिळतो. अहवाल यायला काही दिवस लागतात. येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्यावी : नमुन्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, याचा अर्थ कर्करोग नाहीच असा होत नाही. चित्र संशयास्पद असेल, तर सुई पुन्हा घालावी लागू शकते आणि त्यात डॉक्टरांची चूक असतेच असे नाही. उलट बाजूने, कर्करोगासारखी दिसणारी गाठ कधीकधी ऑटोइम्यून स्वादुपिंडदाह, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे आलेली सूज, निघते आणि ती स्टेरॉइडने वितळते. शस्त्रक्रियेचा किंवा केमोथेरपीचा निर्णय घेण्यापूर्वी नमुना का महत्त्वाचा, हे यावरून लक्षात यावे.

ईआरसीपी : फक्त बघण्यासाठी करू नये

ईआरसीपीची सुरुवात 1968 मध्ये अमेरिकेत निदानासाठीच झाली. 1974 मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये दुर्बिणीतूनच पॅपिलाचा स्नायू कापून खडे काढणे शक्य झाले. त्या काळात एमआरसीपी आणि ईयूएस नव्हते, म्हणून नलिका पाहायची तर आत शिरणे भाग होते. आज तशी स्थिती नाही. नलिकेत खडा आहे, अरुंदपणा आहे किंवा गळती आहे, हे आधीच्या तपासण्यांत कळलेले असावे आणि ईआरसीपी उपचारासाठी व्हावी, हाच आजचा मान्य प्रघात आहे. सोनोग्राफीतच नलिकेतला खडा स्पष्ट दिसला असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर मधल्या तपासण्या वगळून सरळ ईआरसीपी करणे योग्य ठरते. पण रक्ततपासण्या ठीक आहेत, नलिका फुगलेली नाही, केवळ पोट दुखते, आणि तरीही ईआरसीपी सुचवली गेली, तर शांतपणे विचारावे : आधी ईयूएस करून पाहता येईल का? याचे कारण असे की तरुण स्त्रिया, सामान्य बिलिरुबिन असलेले रुग्ण आणि पूर्वी असा त्रास झालेले रुग्ण यांना ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाची सूज येण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

हा त्रास साधारण 3 ते 10 टक्के रुग्णांत होतो. बहुतेकांना सलाईनवर दोन-तीन दिवसांत बरे वाटते, पण थोड्यांमध्ये तो जिवावर बेतण्याइतका वाढतो. तो कमी करण्यासाठी इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक हे औषध गुदमार्गातून दिले जाते. याची रुग्णाला ॲलर्जी आहे का किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे आधी सांगावे. स्नायू कापल्यास एक-दोन टक्क्यांत रक्तस्राव होतो, आतड्याला छिद्र पडणे एक टक्क्याहून कमी वेळा घडते. ही आकडेवारी घाबरवण्यासाठी दिलेली नाही. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ती डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि संमतीपत्र मराठीतून मागण्यात संकोच करू नये.

आधीचे दिवस

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा इतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची पाकिटेच बरोबर न्यावीत. कोणती गोळी थांबवायची आणि किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ व पोटविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, पण हृदयात नुकताच स्टेंट बसवला असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हे रक्तस्रावाइतकेच धोक्याचे आहे. मधुमेह्यांनी इन्सुलिनच्या मात्रेबद्दल लेखी सूचना घ्यावी. घट्ट अन्न सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम आहे. चहात दूध असते, त्यामुळे सकाळचा अर्धा कप चहाही या नियमात अन्नातच धरावा. गर्भारपणाची शक्यता, आयोडीनयुक्त डायची (क्ष-किरण चित्रासाठी नलिकेत सोडायच्या द्रवाची) ॲलर्जी आणि पूर्वी झालेली जठराची किंवा वजन घटवण्याची शस्त्रक्रिया यांची माहिती आवर्जून द्यावी. अशा शस्त्रक्रियेनंतर आतड्याची वाटच बदललेली असते आणि नेहमीची दुर्बीण पॅपिलापर्यंत पोचत नाही.

खर्चाबद्दल सांगायचे तर ईआरसीपीच्या अंदाजपत्रकात स्टेंट, बलून, वायर आणि भूलतज्ज्ञाचे शुल्क वेगळे धरले आहे की एकत्र, हे आधी विचारावे. बिल फुगते ते बहुधा याच ठिकाणी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेची माहिती व मदत देणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सोनोग्राफीचा अहवाल घेऊन तेथे आधी जावे, कारण मंजुरी उपचारापूर्वी मिळवावी लागते. स्टेशनजवळचे ससून सर्वोपचार रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. कोणत्या दिवशी कोणती दुर्बीण तपासणी होते, हे प्रत्यक्ष चौकशी करूनच ठरवावे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा सवलतीत राखणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे आणि उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला बरोबर ठेवावा. हा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरताच अर्ज करावा.

तपासणीच्या दिवशी

सोबत एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हवीच. दागिने, कवळी, चष्मा काढून ठेवावे लागतात. हातात सलाईनची सुई लावली जाते, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली जाते आणि रुग्णाला डाव्या कुशीवर किंवा पालथे झोपवतात. भूलतज्ज्ञ औषध देतात आणि बहुतेकांना त्यापुढचे काही आठवत नाही. दुर्बीण साधारण करंगळीच्या जाडीची असते आणि ईआरसीपीच्या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नसून बाजूला असतो, कारण पॅपिला आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असते. एक बारीक वायर पॅपिलातून नलिकेत सरकवली जाते, डाय सोडून क्ष-किरण पडद्यावर नलिकेचे चित्र पाहिले जाते, आणि मग बलून किंवा जाळीने खडा ओढून आतड्यात सोडला जातो. अरुंद भागातून ब्रशने पेशी घेता येतात, पण हे नमुने अनेकदा अपुरे ठरतात. काही केंद्रांत नलिकेच्या आत जाणारी आणखी बारीक दुर्बीण वापरून संशयित जागेचा तुकडा घेतात. ईयूएसला बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो. ईआरसीपी कठीण असल्यास तासापेक्षा जास्त चालू शकते. बाहेर बसलेल्यांनी उशीर म्हणजे काहीतरी बिघडले, असा अर्थ लगेच काढू नये.

घरी जाताना आणि गेल्यावर

ईयूएसनंतर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. ईआरसीपीनंतर एक रात्र ठेवून घेण्याची पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते. जुन्नर, दौंड किंवा इंदापूरकडून आलेल्यांना त्याच संध्याकाळी सोडले, तर ती रात्र शक्यतो पुण्यातच नातेवाइकांकडे काढावी. त्रास सुरू झाल्यास रात्री दोन वाजता शंभर किलोमीटर परत येणे परवडणारे नसते. घसा एक-दोन दिवस खवखवतो आणि पोट फुगल्यासारखे वाटते, ते आपोआप कमी होते. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी वाढती वेदना, थांबत नसलेली उलटी, थंडी वाजून ताप, डांबरासारखी काळी शौच किंवा मानेला सूज यांपैकी काहीही दिसले, तर वेदनाशामक गोळी घेऊन वाट न पाहता रुग्णालयात परतावे. भूल दिल्यानंतर चोवीस तास दुचाकी चालवू नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये.

नलिकेतला खडा निघाला म्हणजे आजार संपला, असा समज फार पसरलेला आहे. पित्ताशयातले खडे तेथेच असतात आणि त्यांतला दुसरा खडा कधीही खाली घसरू शकतो. म्हणून प्रकृती परवानगी देत असेल, तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी रुग्णालयात असताना किंवा पुढच्या एक-दोन आठवड्यांत करून घेण्याचा सल्ला दिला जातो. कावीळ उतरली की कामे आठवतात, लग्नसराई येते, आणि शस्त्रक्रिया मागे पडते; असे होऊ देऊ नये.

शेवटी स्टेंटबद्दल. प्लॅस्टिकचा स्टेंट हा कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत त्यात गाळ साचून तो बंद होऊ लागतो, आणि काढला किंवा बदलला नाही तर पुन्हा कावीळ व ताप येतो. धातूचा जाळीदार स्टेंट अधिक काळ टिकतो, पण तो कोणत्या प्रकारचा आहे आणि काढायचा आहे की नाही, हे रुग्णागणिक वेगळे असते. रुग्णालय आठवण करून देईलच, यावर विसंबून राहू नये. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा प्रकार, टाकल्याची तारीख आणि काढण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, त्या कार्डाचा फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा, आणि काढण्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची नोंद कॅलेंडरवर करून भेटीची वेळ तेव्हाच ठरवून घ्यावी.